पंचवीस जीबीचा बांध: सांगलीतल्या अभ्यासिकेत लिनक्सला किती जागा लागली

सांगलीच्या गावभागात, नदीपासून फार लांब नाही अशा एका गल्लीत, स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे. कुणी जतहून आलेलं, कुणी कवठेमहांकाळहून, कुणी शिराळ्याहून, अशी तीस-पस्तीस मुलं-मुली तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. 2019 च्या महापुरात खालच्या मजल्यावरची पुस्तकं गेली. तेव्हापासून सगळा पसारा वरच्या मजल्यावर आहे. व्यवस्था बघतात एक निवृत्त तलाठी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही.

2024 च्या जुलैअखेर अण्णांचा फोन आला. "एका पतसंस्थेनं पाच कॉम्प्युटर दिल्यात. पण आतली डिस्क काढून घेतलीया. चालू करून देता का बघा जरा."

डिस्क काढून घेतली हे पतसंस्थेनं योग्यच केलं होतं, तिच्यात खातेदारांची माहिती असते. मशीन बरी होती: चौथ्या पिढीचे आय-थ्री, 4 जीबी रॅम. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं आणि विंडोज 11 या प्रोसेसरवर अधिकृतपणे चढत नाही, म्हणून ती कार्यालयातून बाहेर पडली होती. अभ्यासिकेला अजून चार-पाच वर्षं सहज पुरली असती. मी पाच एसएसडी आणायला सांगितल्या, प्रत्येकी 120 जीबी, आणि लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम, टाकायचं ठरलं.

माझं विश्रामबागेत दुरुस्तीचं दुकान आहे. "लिनक्सला जागा किती लागते?" हे मला तिथे कुणी ना कुणी विचारतच असतं, आणि मी वर्षानुवर्षं त्याचं उत्तर एका आकड्यात देत आलो. त्या उत्तराचं या पाच मशीनवर काय झालं ते आकड्यांसकट लिहून ठेवतोय. चूक माझी होती, आणि ती नेमकी कुठे झाली हे मोजल्याशिवाय मलाही कळलं नव्हतं.

पहिल्या दिवशीचं माप

लिनक्सचे अनेक प्रकार आहेत, मिंट, उबुंटू आणि डेबियन हे त्यांतले तीन. लिनक्स मिंट 22 त्याच जुलैमध्ये आलं होतं. त्याचा पाया उबुंटू 24.04 चा आणि अपडेट 2029 पर्यंत, म्हणून ते निवडलं. 4 जीबी रॅमला झेपावं म्हणून हलक्या डेस्कटॉपची एक्सएफसीई आवृत्ती घेतली. जागेबद्दल अधिकृत आकडे तेव्हाही माझ्यासमोर होते. डेबियनच्या इन्स्टॉल मार्गदर्शिकेत डेस्कटॉपसाठी 10 जीबी आहे, उबुंटू डेस्कटॉप 25 जीबी सांगतं. मिंट किमान 20 म्हणतं आणि त्याच ओळीत, सोयीनं वापरायचं तर 100 असंही म्हणतं. मी 20 वाचलं आणि 100 वरून नजर पुढे नेली. 20 च्या जागी 25 दिले म्हणजे सढळ हातानं दिले, असं मला वाटलं.

मग डिस्कचे तुकडे केले, त्यांना पार्टिशन म्हणतात. अर्धा जीबी बूट होण्यासाठीच्या ईएफआय पार्टिशनला, 25 रूटला म्हणजे सिस्टीमला, आणि उरलेलं सगळं होमला, म्हणजे मुलांच्या फायलींना. होम वेगळं ठेवायची माझी जुनी सवय. सिस्टीम बिघडली तर रूट पुसून पुन्हा टाकता येतं आणि फायलींना धक्का लागत नाही. सवयीमागचं कारण खरं आहे. मुलांकडे प्रश्नपत्रिका, चालू घडामोडींचे पीडीएफ, भाषणांचे व्हिडिओ असं पुष्कळ साठणार, हा मात्र माझा अंदाज होता. तो मी कुणाला विचारून केलेला नव्हता.

पहिलं मशीन सुरू झालं, तेव्हा अण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"एकशेवीसची आणलीया ना आपण? हितं एकशे अकराच दावतंय. दुकानदारानं गंडवलं का काय?"

गंडवलेलं नव्हतं. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे बरोब्बर शंभर कोटी बाइट धरतात. कॉम्प्युटरची बरीच साधनं 1024 च्या पटीनं मोजतात, त्यामुळे त्यांचा एक जीबी सुमारे 107 कोटी 37 लाख बाइटांचा होतो. बाइट तेवढेच, भागायचं माप मोठं, म्हणून 120 चे 111.8 दिसतात. मी हे सांगत असतानाच अण्णा म्हणाले, "म्हणजे गुंठा आणि आर. सातबाऱ्यावर एक, तोंडात दुसरं. रान तेवढंच." एका एकराचे 40 गुंठे होतात आणि आर 40.47. यापेक्षा नेमकं उदाहरण मला आजवर सुचलेलं नाही. तेव्हापासून दुकानात मी तेच सांगतो.

पण हाच हिशेब मी माझ्या 25 जीबीला लावला नाही. मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये पार्टिशनचा आकार एमबीत लिहायचा असतो आणि तो एमबी दहा लाख बाइटांचा असतो. मी 25000 लिहिले, ते मोठ्या मापानं 23.3 भरले. त्यावर ईएक्सटी-फोर ही फाइल सिस्टीम, म्हणजे फायलींची मांडणी, बसली. तिची स्वतःची वही म्हणजे आयनोडची (फायलींच्या नोंदींची) कोष्टकं आणि तिचं जर्नल यांनी अर्धा जीबी घेतला. उरले 22.8. शिवाय ईएक्सटी-फोर 5 टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी, म्हणजे सिस्टीमच्या कारभाऱ्यासाठी, राखून ठेवतं (रूट पार्टिशन वेगळं, नाव तेवढं एक), साध्या वापरकर्त्याला ती मिळत नाही. तो सव्वा जीबीच्या आसपास भाग वजा केल्यावर हातात आले साडेएकवीस. कागदावर पंचवीस, वापरायला साडेएकवीस, आणि तोवर एकही प्रोग्रॅम उघडलेला नव्हता.

नुसत्या मिंटनं 8.1 जीबी घेतले. डाउनलोड केलेली फाइल तीन जीबीच्या आत होती, पण तिच्यात सगळं दाबून भरलेलं असतं. डिस्कवर उतरताना ते उलगडतं. या आठात लिबरऑफिस आहे, ब्राउझर आहे, आणि फर्मवेअरचा एक भला मोठा फोल्डर आहे. फर्मवेअर म्हणजे अनेक कंपन्यांच्या वायफाय आणि ग्राफिक्स कार्डांना जागं करणाऱ्या छोट्या फायली. आपल्या मशीनला त्यातल्या दोन-चारच लागतात, पण कुठल्या लागतील हे इन्स्टॉलरला आधी ठाऊक नसतं, म्हणून सगळ्या येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुठलंही जुनं मशीन लावलं आणि वायफाय लगेच चाललं, हे त्या फोल्डरमुळेच होतं.

मराठीमुळे किती जागा जाते, हेही मला एकदोघांनी विचारलं. जवळजवळ नाहीच. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फाँट काहीशे केबींचा असतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डसाठी लागणारी भरही नगण्य आहे. फाँटमध्ये खरी जागा खातात ते चिनी-जपानी-कोरियन लिप्यांचे, कारण त्यांच्यात हजारो अक्षरं असतात. जागा नाही म्हणून मराठी टाकलं नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रॅम 4 जीबी म्हणून 2 जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, मी स्वतः केली. मग अपडेट झाले, व्हिडिओचे कोडेक आले, मराठी टायपिंग आलं. संध्याकाळी मोजलं तर 11.7 वापरलेले आणि दहाच्या आसपास मोकळे. पाचही मशीन तशीच केली. निम्मं रूट रिकामं बघून मी समाधानानं घरी गेलो.

तीन नंबरचं मशीन

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मशीन सुरू झाली होती. सप्टेंबरअखेर अभ्यासिकेतल्या एका मुलीचा फोन आला.

"दादा, तीन नंबरला पासवर्ड बरोबरच टाकतीय ओ मी. काळी स्क्रीन येतीय आणि परत पासवर्डच मागतंय."

पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं. पासवर्ड मान्य होऊन पुन्हा दारात आणून सोडणं ही वेगळी खूण आहे, आणि अशा वेळी मी पहिल्यांदा डिस्क भरली का ते बघतो. लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप सुरू होताना काही तात्पुरत्या फायली टेम्प फोल्डरमध्ये लिहाव्या लागतात. टेम्प होतं रूटवर. तिथे जागा नसली की डेस्कटॉप उभाच राहत नाही आणि मशीन परत लॉगिनच्या पडद्यावर येतं.

कंट्रोल, आल्ट आणि एफ2 एकदम दाबून अक्षरांचा काळा पडदा उघडला. तिथे लॉगिन झालं, कारण त्याला डेस्कटॉप लागत नाही. जागा दाखवणारी 'डीएफ' ही आज्ञा दिली: रूट 100 टक्के भरलेलं, होम 4 टक्के. बांधाच्या पलीकडे ऐंशीवर जीबी रान मोकळं, आणि अलीकडे पाय ठेवायला जागा नाही.

भरलं कशानं तेही लगेच सापडलं. इन्स्टॉलच्या दिवशी मदतीला असलेल्या मुलानं त्या मशीनवर टाइमशिफ्ट चालू केलं होतं. मिंट पहिल्यांदा उघडल्यावर स्वागताच्या खिडकीत तसं करायला सुचवलंच जातं, त्यामुळे त्यानं काहीच वावगं केलं नव्हतं. टाइमशिफ्ट सिस्टीमची प्रत काढून ठेवतं, म्हणजे अपडेट बिघडला तर मागे जाता येतं. पहिली प्रत पूर्ण असते. अपडेटच्या आधी घेतली म्हणून ती आठच्या जवळ भरली. पुढच्या प्रतींमध्ये न बदललेल्या फायली दुसऱ्यांदा लिहिल्या जात नाहीत, हार्ड लिंकनं जुन्याच फायली दाखवल्या जातात. पण अपडेटनं बदललेल्या प्रत्येक फायलीचं जुनं रूप प्रतीत अडकून राहतं. दीड महिन्यात प्रतींनीच नऊ जीबी व्यापले होते. मूळ 11.7, प्रती 9, आणि वरून दोनेक जीबी किरकोळ. 22.8 चं माप काठोकाठ भरलं. राखीव 5 टक्केसुद्धा उरले नव्हते, कारण टाइमशिफ्ट रूट वापरकर्त्याच्या हक्कानं चालतं आणि राखीव जागेतही लिहू शकतं.

मी सगळ्या प्रती पुसल्या. मशीन पुन्हा सुरू झालं. टाइमशिफ्ट बंद केलं आणि अण्णांना म्हणालो, "झालं. आता त्रास नाही."

आज त्या वाक्याकडे बघताना दिसतं की मी कारण शोधलं होतं, पण प्रश्न विचारला नव्हता. बाकी चार मशीनवर टाइमशिफ्ट नव्हतं म्हणून ती सुरक्षित, असं मी गृहीत धरलं. त्या दिवशी त्या चारही मशीनवर 'डीएफ' चालवायला दहा मिनिटं पुरली असती. दीड महिन्यात रूट किती वाढलं ते तेव्हाच दिसलं असतं.

फेब्रुवारी

2025 च्या फेब्रुवारीत एकाच आठवड्यात तीन मशीननी जागा नसल्याचा इशारा दिला. चार नंबरचं त्याहून वाईट झालं होतं. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, इन्स्टॉल होत असताना मध्येच जागा संपली, सुरुवातीला लागणारी इनिटआरडी फाइल अर्धवट लिहिली गेली, आणि सकाळी मशीन चालूच होईना. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून ते उठवलं. डिस्क भरण्यातला खरा धोका हा आहे. मुलांचे पीडीएफ होमवर सुरक्षित होते, पण अपडेट अर्ध्यात तुटला की सिस्टीमच अधांतरी लटकते.

या वेळी घाई केली नाही. एक नंबरचं मशीन घेतलं आणि 'एनसीडीयू' नावाच्या साधनानं रूट फोल्डरफोल्डरनं मोजलं. त्याला 'एक्स' हा पर्याय दिला की ते दुसऱ्या पार्टिशनमध्ये शिरत नाही, नाहीतर होमचं मापही यात मिसळलं असतं. वापर निघाला 21.5 जीबी. अण्णांना कागदावर मांडून दाखवला तो हिशेब असा होता.

स्वॅप फाइल 2. प्रोग्रॅम आणि त्यांच्या लायब्ररी, म्हणजे लोक ज्याला लिनक्स म्हणतात ते, 6.9. हा आकडा सहा महिन्यांत फारसा हललाच नव्हता. वाढ सगळी इतर ठिकाणची होती.

कर्नल 2.7. मशीनवर सहा कर्नल होते. नवा कर्नल आला की जुना आपोआप जातो असं पुष्कळांना वाटतं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल आपोआप काढण्याची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. मी केली नव्हती. मोड्यूल, हेडर आणि बूटच्या फायली धरून इथे एकेक कर्नल 450 एमबीच्या घरात होता.

फ्लॅटपॅक 5.4, आणि हा आकडा बघून अण्णांच्या भुवया वर गेल्या. मुलांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून तीन छोटी ॲप घेतली होती: एक पीडीएफवर खुणा करायला, एक फ्लॅशकार्डसाठी, एक व्हिडिओसाठी. तिन्ही मिळून अर्धा जीबीसुद्धा नव्हती. पण फ्लॅटपॅकची रचना अशी आहे की ॲप सिस्टीमच्या लायब्ररींवर अवलंबून राहत नाही, ते आपला पाया सोबत आणतं. त्या पायाला रनटाइम म्हणतात आणि तो एक जीबीच्या आसपास जाऊ शकतो. दोन ॲपना एकच रनटाइम चालला तर तो एकदाच येतो. इथे तिघांना तीन वेगवेगळे लागत होते, त्यातल्या एकाची जुनी आवृत्ती अपडेटनंतर तशीच पडून होती, आणि प्रत्येकाबरोबर ग्राफिक्सचा थर वेगळा. फ्लॅटपॅक वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ताजं ॲप जुन्या सिस्टीमवर चालतं ते त्याच्यामुळेच. पण पहिलं फ्लॅटपॅक ॲप घेताना आपण एक ॲप घेत नाही, दुसरी अर्धी सिस्टीम घेतो, हे आधी माहीत हवं. त्या तिघांपैकी दोन ॲप मिंटच्या नेहमीच्या पॅकेजमध्येही होती आणि तिथून घेतली असती तर काही एमबींत भागलं असतं.

जर्नल म्हणजे सिस्टीमची नोंदवही (ईएक्सटी-फोरचं जर्नल वेगळं), 1.6. लिनक्समधल्या सेवा चालवणारं सिस्टीमडी या वहीला फाइल सिस्टीमच्या 10 टक्क्यांपर्यंत वाढू देतं, फार तर 4 जीबी. आमच्या रूटवर ती सव्वादोनपर्यंत गेली असती. इथे एका स्वस्त यूएसबी वायफायचा ड्रायव्हर सारखा तोच तोच इशारा लिहीत होता. एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाचा, डाउनलोड झालेली पॅकेज साठवणारा फोल्डर 0.9, आणि बाकी सटरफटर दोन जीबी.

सगळी बेरीज 21.5. माणसाला वापरता येण्याजोगे होते साडेएकवीस.

होमवर काय होतं? 4.2 जीबी, आणि त्यातही मोठा वाटा ब्राउझरच्या साठ्याचा. मी त्या मुलीला विचारलं, तुमचे पीडीएफ कुठे आहेत? "मोबाईलमध्येच की दादा. हितं आम्ही लेक्चर बघतो आणि पेपर सोडवतो." लेक्चर ऑनलाइन बघायचे आणि पेपरही वेबसाइटवरच सोडवायचे. जे साठणार म्हणून मी 88 जीबी बांधून ठेवले, ते त्यांच्या खिशात होतं. हा प्रश्न मी जुलैमध्ये विचारायला हवा होता. डिस्कचे तुकडे करताना आपण लोक कसं वागतील याचा अंदाजच करत असतो, आणि तो अंदाज चुकला की बांध चुकीच्या जागी पडतो.

लहान लॅपटॉप

या सगळ्यात एक मशीन कधीच अडलं नव्हतं, आणि ते सगळ्यांत लहान होतं. अभ्यासिकेत येण्याजाण्याची नोंद ठेवणाऱ्या ताईंना अण्णांनी पुतण्याचा जुना अकरा इंची लॅपटॉप दिला होता. त्याची साठवण 32 जीबी, मदरबोर्डवरच डकवलेली, मोठ्या मापानं एकोणतीसच्या आसपास. जागा इतकी कमी की तुकडे करायचा विचारही मनात आला नाही. सगळं एकाच पार्टिशनमध्ये ठेवलं. त्यावर डेबियन 12 एक्सएफसीईसह टाकलं, स्वॅपसाठी डिस्क न वापरता झेडरॅम लावलं, म्हणजे रॅममधलाच मजकूर दाबून ठेवायचा. फ्लॅटपॅक नाही, टाइमशिफ्ट नाही. पहिल्या दिवशी 5.2 जीबी, सहा महिन्यांनी 7.4. ताईंच्या नोंदींच्या फायली त्यातच धरलेल्या.

120 जीबीची मशीन तुंबली आणि 32 जीबीचं निवांत चाललं, हे शेजारी शेजारी मांडल्यावर मला माझी चूक स्वच्छ दिसली. तिथे जागेला बांध नव्हता, आणि वाढणाऱ्या गोष्टी आम्ही मुळात आणल्याच नव्हत्या. डेबियनचे 10 आणि मिंटचे 20 हे आकडे बरोबरच आहेत. ते सांगतात की एवढ्यात सिस्टीम बसेल आणि चालेल. दोन वर्षांनी ती केवढी असेल हे ते सांगत नाहीत, आणि सांगू शकणारही नाहीत, कारण ते फ्लॅटपॅक, कर्नल, प्रती आणि वापरणाऱ्यांवर ठरतं.

बांध काढला

आधी सफाई केली. दोन सोडून बाकी कर्नल काढले, 1.8 सुटले. न वापरलेले रनटाइम काढायची फ्लॅटपॅकची आज्ञा दिली आणि दोन ॲप साध्या पॅकेजमधून घेतली, 2.2 सुटले. जर्नल 200 एमबीवर आणलं, 1.4. एपीटीचा साठा पुसला, 0.9. एकूण 6.3 जीबी मोकळे झाले आणि वापर 15.2 वर आला.

इथेच थांबता आलं असतं. मी थांबलो नाही, कारण वाढ थांबलेली नव्हती, फक्त मागे सरकली होती. दुसरं म्हणजे मिंटच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जायचं तर त्यांचं साधन आधी टाइमशिफ्टची प्रत मागतं आणि वर काही जीबी डाउनलोड होतात. ते या रूटमध्ये मावलं नसतं. आणि अण्णांनी दर चार महिन्यांनी काळा पडदा उघडून आज्ञा द्याव्यात, ही व्यवस्था म्हणता येत नाही.

डिस्कवर रूट आधी आणि होम त्याच्या मागे होतं, त्यामुळे काम सोपं झालं. पार्टिशन मागच्या बाजूनं वाढवणं सोपं असतं. सुरुवातीची सीमा हलवायची तर सगळा डेटा सरकवावा लागतो आणि त्यात वीज गेली तर सगळंच जातं. होम बाहेरच्या डिस्कवर मालकी आणि परवानग्यांसकट कॉपी केलं, कॉपी उघडून तपासली, मशीन पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह मिंटनं सुरू केलं, जीपार्टेडमध्ये होमचं पार्टिशन काढलं आणि रूट शेवटपर्यंत ओढलं. मग होम त्याच्या आत परत ठेवलं आणि एफएसटॅब या पार्टिशनांची यादी असलेल्या फायलीतली होमची ओळ काढली. ती ओळ राहिली तर मशीन सुरू होताना नसलेलं पार्टिशन शोधत अडकतं. एकेका मशीनला तासाभराचा वेळ गेला. त्या दिवशी दुकानातला यूपीएस सोबत नेला होता.

एक गोष्ट आणखी केली. 5 टक्के राखीव जागा आता 111 जीबीच्या पार्टिशनवर साडेपाच जीबी झाली असती. 'ट्यून-टू-एफएस'नं ती 1 टक्क्यावर आणली. शून्य केली नाही. डिस्क पुन्हा कधी भरलीच तर आत शिरून सफाई करायला सिस्टीमला तेवढी जागा राहिली पाहिजे. अपडेट मॅनेजरमध्ये जुने कर्नल आपोआप काढण्याची सोय चालू केली, जर्नलला 200 एमबीची मर्यादा कायमची घातली. तीन नंबरवर टाइमशिफ्ट परत चालू केलं, आठवड्याला एक आणि फक्त दोन प्रती ठेवायच्या. पाचपैकी एका मशीनवर ते असावं म्हणजे पुढचा अंदाज मोजून बांधता येईल, असं अण्णांचंच म्हणणं पडलं.

आता दुकानात कुणी विचारलं तर मी आधी दोन प्रश्न विचारतो: डिस्क केवढी आणि तिच्यावर अजून कोण राहणार? पूर्ण डिस्क लिनक्सलाच द्यायची असेल तर तुकडे करू नका म्हणतो. होम वेगळं हवंच असेल किंवा शेजारी विंडोज ठेवायचं असेल तर रूटला 40 ते 50 जीबी सांगतो, आणि टाइमशिफ्ट त्याच रूटवर ठेवायचं असेल तर 50 च्या खाली येत नाही. 32 जीबीच्या लॅपटॉपवरही डेस्कटॉप लिनक्स छान चालतं, पण तिथे फ्लॅटपॅक आणि प्रती नकोत. ज्यांच्याकडे 16 जीबीच आहे त्यांना मी परावृत्त करतो. बसेल, पण पहिल्या दोन मोठ्या अपडेटनंतर त्यांचा फोन येईल.

अण्णांनी एक वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते सहाही मशीनवर डिस्कचा आकडा बघतात आणि तलाठ्याच्या वळणदार अक्षरात उतरवतात: मशीन, एकूण वापर, पैकी होम, शेरा. 2025 च्या जुलैच्या पानावर एक नंबरपुढे 23.7 आहे, पैकी होम 5.6. तीन नंबरपुढे प्रती धरून 36.8. लहान लॅपटॉपपुढे 8.3. शेऱ्याच्या रकान्यात तिन्हीकडे एकच नोंद आहे: क्षेत्र पुरेसे.